हेडचं काम झालंय म्हणजे नक्की काय झालंय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही बाणेरला राहता. गाडी २०११ ची निसान ३७० झी, सहा गिअरची मॅन्युअल, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे मोकळे पाइप), फ्री-फ्लो सायलेंसर, दोन्ही बाजूंचे इनटेक आणि रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या पेट्रोल-ठिणगीच्या सेटिंगमधला बदल) करून घेतला होता. शिवाय ‘हेडचं काम झालंय’ असं त्याने तोंडी सांगितलं, बिल दिलं नाही. (हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, व्हॉल्व्ह त्यातच असतात.) आता तुम्हाला बाहेरून सेंट्रिफ्युगल सुपरचार्जरचं, म्हणजे बेल्टवर फिरून इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं, वापरलेलं किट मिळतंय. ९ पीएसआय (दाबाचं माप) देणारी पुली लावायची, इंजिन उघडायचं नाही. जमेल का, आणि ताकद किती वाढेल?

जमेल. नऊला मात्र मी हात लावणार नाही, सहाच्या आसपास थांबू. आणि किटचे पैसे पाठवण्याआधी मला एवढ्या एका गोष्टीचा उलगडा हवा: हेडचं काम झालंय म्हणजे नक्की काय झालंय?

उगाच खुसपट काढत नाहीये. आपल्याकडे ‘हेडचं काम’ या दोन शब्दांत काहीही मावतं. कुणी पोर्ट घासून मोठे केलेले असतात, कुणी व्हॉल्व्हच्या सीटा नव्याने कापलेल्या असतात, कुणी गाडी तापून हेड वाकलं म्हणून फेसिंग मारलेलं (खालची बाजू घासून सपाट केलेली) असतं, तर कुणी मुद्दाम, कॉम्प्रेशन वाढवायला, जास्तीचं फेसिंग मारलेलं असतं. पहिल्या दोन कामांचं सुपरचार्जरशी काही वाकडं नाही. शेवटच्या दोन कामांनी सगळं गणित फिरतं. तुमच्या व्हीक्यू३७व्हीएचआर इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९५.५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ८६. म्हणजे एक सिलिंडर ६१६ सीसीचा. कंपनीचं कॉम्प्रेशन ११ ला १, म्हणजे पिस्टन पूर्ण वर आला की उरणारी जागा साधारण ६१.६ सीसी. हेड फक्त अर्धा मिलिमीटर घासलं, तर बोअरएवढ्या गोलात साडेतीन सीसी गेली आणि कॉम्प्रेशन साडेअकराच्या पुढे गेलं. नखाएवढीही जाडी नाही ती. पण ११ हेच सुपरचार्जरच्या मानाने जास्त आहे. कारखान्यातूनच सुपरचार्जर लागून येणारी जुनी इंजिनं साडेआठ-नऊची असायची.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. आधी सुधारलेली गाडी म्हणजे सुपरचार्जरसाठी अर्धी तयार गाडी, असं वाटतं. असेलच असं नाही. स्वतःहून हवा ओढणाऱ्या इंजिनाची ताकद वाढवायची तर कॉम्प्रेशन चढवतात, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) असे घालतात की इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहतील. हवा दाबून भरायची असेल तर या दोन्ही गोष्टी उलट्या लागतात. कॉम्प्रेशन कमी हवं, आणि व्हॉल्व्ह फार वेळ एकत्र उघडे राहिले तर पैसे देऊन दाबलेली हवा सरळ सायलेंसरमधून बाहेर जाते. तुमचे हेडर आणि सायलेंसर दोन्हीकडे चालतात, ते राहू द्या. इनटेक निघतील, कारण किटचे पाइप वेगळे असतात. रिमॅप तर पुसूनच टाकायचा आहे. म्हणजे आधीच्या मालकाच्या खर्चातलं निम्मं तुमच्या उपयोगाचं आहे आणि हेडचं काम हा बंद लिफाफा आहे.

लिफाफा न फाडता आत डोकावता येतं. सहाही प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावायचा. सहा आकडे एकमेकांच्या जवळ असले की रिंगा आणि व्हॉल्व्ह ठीक. सहाही सारखेच, पण नेहमीच्या व्हीक्यूपेक्षा बरेच वर असतील, तर घासकाम झालंय असं समजायचं. त्यानंतर लीकडाउन: पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते बघायचं. हवा ऑइलच्या झाकणातून फुसफुसली तर रिंग, सायलेंसरमधून आली तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. शेवटी प्लगच्या भोकातून बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) घालून पिस्टनचा माथा बघायचा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. यात काही संशयास्पद निघालं तर मी हेड उतरवायला सांगेन, आणि तुमची ‘इंजिन उघडायचं नाही’ ही अट तिथेच संपेल. हे किट घेण्याआधी कळलेलं बरं.

आता दाबाकडे. पीएसआयचा आकडा विचारणं म्हणजे गॅस मोठा आहे की बारीक एवढंच विचारून भात करपेल का ते ठरवणं. इंजिनाला मारते ती उष्णता: जास्त तापलं की मिश्रण आपोआप भडकतं आणि इंजिन ठोकतं, त्यालाच नॉक म्हणतात. हवा दाबली की तापते, सायकलच्या पंपाचं बूड हाताला लागतं तसं. मे महिन्यात आपल्याकडे ४० अंशांची हवा धरू. सहा पीएसआयच्या पुलीवर चांगला सेंट्रिफ्युगल, म्हणजे साधारण ७० टक्के कार्यक्षमतेचा, ती हवा ८५ अंशांच्या पुढे नेतो. नऊच्या पुलीवर तीच १०५ अंशांपर्यंत जाते. जुन्या धाटणीचा रूट्स ब्लोअर (दुसऱ्या जातीचा सुपरचार्जर) असता तर सहालाच शंभरीच्या जवळ पोचला असता. यात बॉनेटखालची गरम हवा ओढली जाण्याचा हिशोब नाही. आणि तापलेली हवा विरळ असते, म्हणून दाब ४० टक्के वाढला तरी थंड न करता आत जाणारी हवा जेमतेम २२-२३ टक्के वाढते. इंटरकूलरने तीच ५० अंशांवर आणली तर वाढ ३५ टक्क्यांपर्यंत जाते. तेव्हा किटवाला ‘इंटरकूलर नंतर घ्या’ म्हणत असेल तर त्याला नमस्कार करा आणि दुसरं किट शोधा.

पुण्याची एक गंमत यात आहे. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर. इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-साडेसहा टक्क्यांनी कमी असतो. सुपरचार्जर ठरावीक पीएसआय देत नाही, तो आत येणाऱ्या दाबाला ठरावीक पटीने वाढवतो. म्हणून सहाची म्हणून विकलेली पुली इथे गेजवर साडेपाचच्या थोडं वर दाखवते. गिऱ्हाईक म्हणतं, किट खराब आहे, लहान पुली लावा. लावू नका. तीच गाडी घाट उतरून पनवेलला पोचली की पूर्ण सहा दाखवते, हवा दाट, वर दमट आणि गरम. इथल्या डायनोवर (ताकद मोजायच्या रोलरवर) काठावर बसवलेला मॅप तिथे काठाबाहेर जातो. इंजेक्टर, पंप, हवेचे मीटर या सगळ्यांत ही सहा-सात टक्क्यांची शिल्लक ठेवूनच मी गाडी बाहेर सोडतो.

ताकदीचं म्हणाल तर तुमची गाडी आज चाकावर पावणेतीनशेच्या आसपास देत असावी. सहाच्या पुलीवर, नीट इंटरकूलर आणि नेमस्त टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) धरून, साडेतीनशे ते पावणेचारशे. सुपरचार्जर फिरवायला क्रँकमधूनच २५-३० हॉर्सपॉवर जातात, ते वजा करून. डायनोचा कागद ५०० दाखवत असेल तर त्यावर कुठलं करेक्शन (हवामानासाठी केलेली आकड्याची दुरुस्ती) लावलंय ते विचारा. आणि सेंट्रिफ्युगलचा स्वभाव समजून घ्या: दाब फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. मिनिटाला ७,५०० फेऱ्यांना सहा असेल तर ३,७५० ला जेमतेम दीड. चांदणी चौकातल्या गर्दीत तुम्हाला काहीही वेगळं वाटणार नाही. पाच हजारांनंतर गाडी बदलते. खालपासून ढकलणारी गाडी हवी असेल तर तो पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे दर फेरीला ठरावीक हवा ढकलणाऱ्या सुपरचार्जरचा, प्रांत. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिलच्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये पेटंट घेतलेल्या ब्लोअरचे हे वंशज, आणि तो मूळचा मोटारीसाठी नव्हताच. पण तुमच्या व्ही-६ च्या डोक्यावर, त्या बॉनेटखाली, त्याला जागा करणं हा वेगळाच उपद्व्याप आहे.

पेट्रोलबद्दल जरा जास्त बोलतो, कारण इथे मी स्वतः पोळलोय.

आठ-दहा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या चार सिलिंडरच्या जपानी गाडीला आम्ही सुपरचार्जर बसवला. मॅप महागड्या, जास्त ऑक्टेनच्या (सहजासहजी नॉक न होणाऱ्या) पेट्रोलवर केला. डायनोवर झकास. गिऱ्हाइकाला बजावलं होतं की हेच पेट्रोल भरायचं. सहा महिन्यांनी तो कोल्हापूरला निघाला, शिरवळला टाकी खाली झाली, पंपावर साधंच पेट्रोल होतं, ते भरलं आणि खंबाटकी चढायला घेतला. तिसरा गिअर, पूर्ण दाबलेला पाय, चार माणसं, वर गाणी मोठ्याने. इंजिन ठोकत होतं ते कुणाला ऐकू येणार? साताऱ्यापर्यंत गाडी निळा धूर काढत गेली आणि तिथून टोचनवर भोसरीला, आमच्या वर्कशॉपमध्ये आली. प्लग काढला तर पांढऱ्या पोर्सेलिनवर बारीक, चमकणारे करडे ठिपके, मिरपूड भुरभुरल्यासारखे. ते ठिपके म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. हेड उतरवून पिस्टन बाहेर काढला. माथा जवळजवळ शाबूत, पण पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली कड बोटभर लांबीची तुटून गेलेली. तो तुकडा सिलिंडरच्या भिंतीवर उभ्या रेघा मारून गेला होता, नखात अडकतील एवढ्या खोल.

पेट्रोल त्याने चुकीचं भरलं हे खरं. पण चूक माझी होती. महाराष्ट्रात हायवेवर माणसाला कधी ना कधी साधं पेट्रोल भरावंच लागणार, हे मला कळायला हवं होतं. त्यासाठी वेगळा, नरम मॅप ठेवला नव्हता आणि नॉक सेन्सरला टायमिंग मागे घ्यायला पुरेशी मोकळीक दिली नव्हती. रिबोअरिंग आणि चार पिस्टन माझ्या खर्चाने झाले. तो पिस्टन अजून माझ्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून.

आता परिस्थिती बरी आहे. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचं एक्सपी १०० काढलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणं होतं. एक्सपी ९५ तर सहज मिळतं. पण मॅप मी ९५ वरच बसवेन. शंभर मिळालं तर ती चैन समजायची, गरज नाही. त्याशिवाय हायवेसाठी एक नरम मॅप, ज्यात टायमिंग मागे आणि फेऱ्यांची मर्यादा खाली. अंगठ्याचा नियम म्हणून लोक प्रत्येक पीएसआयला एक अंश टायमिंग मागे घेतात. सुरुवात तिथून करायला हरकत नाही, शेवट नॉक बघूनच करायचा. प्लग एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा. एनजीकेच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड, बॉशच्या प्लगवर नेमकं उलटं, नाना पेठेत घेताना हे घोळतं. गॅप कंपनीच्या १.१ वरून ०.७-०.८ वर आणायचा, नाहीतर दाबाखाली ठिणगी विझते आणि तुम्ही कॉइल बदलत बसता.

दुसरी गोष्ट इथेनॉल. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला पूर्ण जळायला १४.७ नव्हे तर साधारण साडेतेरा पट हवा लागते. सोप्या भाषेत, तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त पेट्रोल. ऑक्टेनच्या दृष्टीने इथेनॉल चांगलंच, पण इंजेक्टर आणि पंप त्या हिशोबाने हवेत. साडेचारशे हॉर्सपॉवर क्रँकवर धरून मी हिशोब केला तर प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला सहाशे ते साडेसहाशे सीसीचा लागतो, ८० टक्क्यांवर काम करेल असा. पंप तासाला २५५ लिटरच्या वर्गातला. तुमच्या गाडीतला आणखी एक छुपा मुद्दा: पेट्रोलची परतीची नळी नाही, दाब टाकीतच ठरतो, साधारण साडेतीन बार. इनटेकमध्ये उलटा ०.४ बार दाब आला की इंजेक्टरला ढकलणारा दाब तेवढ्याने कमी होतो आणि पेट्रोल सहा टक्क्यांनी घटतं. नेमकं जेव्हा जास्त हवं तेव्हा. हे मॅपमध्ये धरावं लागतं, किंवा परतीची नळी आणि बूस्ट ओळखणारा रेग्युलेटर बसवावा लागतो. मी दुसरं करतो.

मिश्रण बघायचं तर लॅम्बडामध्ये बघा, म्हणजे पूर्ण जळायला लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा आहे ते. पूर्ण लोडवर ०.७८ ते ०.८०. गेज पेट्रोलच्या मापाने साडेअकरा दाखवतो, टाकीत काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. आणि व्ही इंजिनाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे वाइडबँड (मिश्रण मोजणारे सेन्सर) लावायचे. पैसे वाचवायला एकाच बाजूला लावलेला वाइडबँड दुसऱ्या बाजूचे तीन सिलिंडर काय करतायत ते कधीच सांगत नाही. तसंच हवा मोजणारे दोन मीटर: त्यांचा सिग्नल ५ व्होल्टला टेकला की पुढे कितीही हवा गेली तरी ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) ती दिसत नाही. म्हणून मीटरच्या नळीचा व्यास किटप्रमाणेच हवा. इकडचा तिकडचा पाइप जोडून चालत नाही. तुमच्या इंजिनात इनलेट व्हॉल्व्हची उचल सतत बदलणारी व्हीव्हीईएल यंत्रणा आहे, बराचसा हवेचा ताबा तीच घेते. त्यामुळे मॅप करणारा माणूस या इंजिनावर आधी काम केलेला हवा. चांगला ट्यूनर आहे पण व्हीक्यू पहिल्यांदाच बघतोय, असं असेल तर तुमची गाडी त्याची शाळा होईल.

आता ब्रॅकेट. लोकांना वाटतं किट आलं की बोल्ट आवळायचे. नवीन, त्याच मॉडेलच्या किटबद्दल हे बरंचसं खरं आहे. वापरलेल्या किटमध्ये हमखास एखादा ब्रॅकेट नसतो, किंवा आधीच्याने कापलेला असतो, आणि मग तो भोसरीत बनवायचा विचार पुढे येतो. बनतो, उत्तम बनतो. पण कसा? एकदा आम्हाला एक गाडी आली, दुसरीकडे बसवलेला सुपरचार्जर दर दोन आठवड्यांनी बेल्ट खात होता. बॉनेट उघडलं तर पुढच्या भागावर काळी भुकटी, काजळ सांडल्यासारखी. ब्रॅकेट ६ मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीचा, एकाच बाजूने धरलेला. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एकाला रेस द्यायला लावली आणि मी बाजूने टॉर्च मारून बघत राहिलो. चार हजारांच्या पुढे सुपरचार्जरचं डोकं क्रँककडे झुकत होतं. डोळ्याला दिसेल एवढं. बेल्टच्या दोन धारांमधलं अंतर असतं ३.५६ मिलिमीटर. पुली दीड-दोन मिलिमीटर जरी तिरकी झाली तरी बेल्ट धारेवर चढायला बघतो, घासतो, तापतो, घसरतो. घसरला की दाब पडतो, आणि मालक काय करतो? ताण वाढवतो. तो ताण मग क्रँकच्या पुढच्या बेअरिंगवर.

आम्ही तो ब्रॅकेट १६ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम प्लेटमधून कापून घेतला, इंजिनाला चार ठिकाणी धरला, सुपरचार्जरच्या मागच्या बाजूलाही एक टेकू दिला. पुल्या जुळल्यात की नाही ते सरळ पट्टी लावून बघायचं, आणि इंजिन गरम झाल्यावर पुन्हा बघायचं. गार असताना जुळलेलं गरम झाल्यावर जुळेलच असं नाही. छोट्या पुलीभोवती बेल्ट जितका जास्त गुंडाळला जाईल तितका तो कमी ताणात धरतो, म्हणून आयडलरची (बेल्ट वळवणाऱ्या मोकळ्या चकतीची) जागा नीट निवडली की अर्धं काम होतं. त्या गाडीचा बेल्ट नंतर वर्षभर टिकला.

३७० झीचे स्वतःचे तीन रोग आहेत, ते सुपरचार्जरच्या आधी निस्तरायचे. एक, ऑइल तापणं. सुरुवातीच्या गाड्यांना ऑइल कूलर नव्हता आणि जोरात चालवली की ऑइल एवढं तापतं की ईसीयू स्वतःच ताकद काढून घेतो. सिंहगडाचा घाट दोनदा चढ-उतर करून ऑइलचा काटा बघा, कळेल. कूलर हवाच, थर्मोस्टॅटसकट. दोन, पुढच्या कव्हरमागचं ऑइल गॅलरीचं (इंजिनातल्या ऑइलच्या वाटेचं) गॅस्केट. आधी ते कागदी होतं, पुढे धातूचं आलं. कागदी असेल तर फाटतं आणि गरम इंजिनाचा आयडलवरचा ऑइल दाब पडतो. तीन, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, जो गिअरबॉक्सच्या आत बसवलाय. वाढलेल्या टॉर्कला क्लच बदलावा लागणारच, गिअरबॉक्स उतरलाय तेव्हा तोही बदलून टाका. पुन्हा उतरवण्याची मजुरी वाचेल.

टर्बो का नाही, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. टर्बो जास्त ताकद देतो, इंधनालाही बरा. पण दोन टर्बो, त्यांचं ऑइल, बॉनेटखाली आणखी उष्णता, आणि हेडर फेकून द्यायचे. रोज ऑफिसला न्यायच्या गाडीला मी सेंट्रिफ्युगलच सांगेन.

कायद्याचं एकदाच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलापेक्षा गाडीत असा बदल करता येत नाही, आणि कलम १८२ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघाताच्या वेळी दाव्याच्या आड येतो. ही गाडी बंद धावपट्टीवर किंवा ट्रॅकवर चालवायची म्हणून करणार असाल तर ट्रेलरचा खर्चही धरा. आणि मॅपची चाचणी एक्सप्रेसवेवर करू म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका. ते काम डायनोचं.

पैशांचं ढोबळ गणित असं: किटला जितके घालाल तितकेच इंजेक्टर, पंप, ऑइल कूलर, क्लच, वाइडबँड आणि मॅपिंगला बाजूला ठेवा. तेवढे नसतील तर या वर्षी ऑइल कूलर, गॅस्केट आणि क्लच करा, गाडी आहे तशी चालवा. किट पुढच्या वर्षीही मिळेल. वापरलेलं घेणार असाल तर विकणाऱ्याकडून सुपरचार्जरची पुली हाताने फिरवतानाचा व्हिडिओ मागा, आवाजासकट. खरखर ऐकू आली किंवा पुली वर-खाली हलताना दिसली तर बेअरिंग गेलंय, मग किंमत कितीही कमी असो.

बसवल्यावर पहिलं ऑइल ५०० किलोमीटरला बदलायचं आणि फिल्टर कापून आतला कागद उन्हात पसरून बघायचा. बेल्टचा ताण पहिल्या आठवड्यात दोनदा.

तूर्तास इतकंच करा: येत्या आठवड्यात एखाद्या सकाळी गाडी घेऊन या. कॉम्प्रेशन, लीकडाउन आणि बोअरस्कोप त्याच दिवशी करू. आधीच्या मालकाचा नंबर असेल तर हेड कुठल्या वर्कशॉपमध्ये गेलं होतं तेवढं विचारून ठेवा. फेसिंगवाले किती घासलं ते पुष्कळदा वहीत लिहून ठेवतात. आणि टाकी पाव भागापेक्षा जास्त भरून आणू नका, पंपाची जागा उघडून बघायची आहे.